अणू सांगणाऱ्या डाल्टनचा डोळा दीडशे वर्षं कशासाठी जपून ठेवला होता?

जॉन डाल्टन हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. सगळे पदार्थ अणूंचे बनलेले असतात, अणूचं विभाजन करता येत नाही, एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे असतात. एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. शेजारी गोल चष्मा लावलेल्या एका गंभीर गृहस्थांचं चित्र असायचं आणि आपण त्याला मिशा काढायचो.

पुस्तकात एक गोष्ट मात्र नसायची. १८४४ साली डाल्टन वारला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या डॉक्टरनं त्याचे डोळे काढून तपासले. यात काही गैर नव्हतं, कारण तशी इच्छा खुद्द डाल्टनचीच होती. आपल्याला रंग इतरांसारखे दिसत नाहीत आणि त्याचं कारण आपल्या डोळ्यातच सापडेल, अशी त्याची पन्नास वर्षांपासूनची खात्री होती. डॉक्टरला ते सापडलं नाही. ते सापडलं १९९५ मध्ये, त्याच डोळ्याच्या वाळलेल्या तुकड्यात.

माणसातली प्रभावी आणि अप्रभावी लक्षणं म्हणजे काय, हे शिकवताना आपल्याकडे वाटाण्यापासून सुरुवात करतात. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. परीक्षेपुरतं ते समजतं आणि नंतर विसरतं. मला ते पहिल्यांदा नीट कळलं ते डाल्टनच्या गोष्टीमुळे. म्हणून आज वाटाणा बाजूला ठेवू.

विणकराचा मुलगा, बाराव्या वर्षी मास्तर

डाल्टनचा जन्म सप्टेंबर १७६६ चा. गाव ईगल्सफील्ड, इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या कंबरलँड भागातलं. वडील जोसेफ हातमागावर कापड विणायचे. आई डेबोरा, थोरला भाऊ जोनाथन, बहीण मेरी. घर क्वेकर पंथाचं. हा पंथ साधेपणासाठी ओळखला जायचा. कपडे फिकट, मातकट रंगाचे घालायचे, भपका करायचा नाही, शस्त्राला हात लावायचा नाही. हे सगळं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळात इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या लोकांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे दरवाजे जवळजवळ बंदच होते. त्यामुळे हुशार क्वेकर मुलानं शिकायचं ते पंथातल्याच जाणत्या माणसांकडून. डाल्टन तसाच शिकला आणि वयाच्या बाराव्या वर्षी गावात शिकवायलाही लागला. १७८१ मध्ये तो केंडल या गावी भावाकडे गेला. तिथल्या क्वेकर शाळेत दोघं भाऊ शिकवायचे आणि घर बहीण मेरी सांभाळायची.

केंडलमध्ये त्याला जॉन गॉफ नावाचा गुरू भेटला. गॉफ लहानपणी देवीच्या आजारात आंधळा झाला होता. तरीही त्याला लॅटिन, ग्रीक, गणित यायचं आणि आसपासच्या वनस्पती तो स्पर्शावरून, वासावरून, चवीवरून ओळखायचा. ज्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते त्या मुलाचा गुरू डोळ्यांनी पूर्ण आंधळा होता. दोघांनी बसून झाडांबद्दल गप्पा मारल्या असतील तर रंगांचा विषय निघालाच नसेल, असं मला उगाच वाटतं.

हवामानाची नोंदवही ठेवायची सवय डाल्टनला याच काळात लागली. २४ मार्च १७८७ ला त्यानं पहिली नोंद केली. तापमान, हवेचा दाब, पाऊस. मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत म्हणजे सत्तावन्न वर्षं तो हे लिहीत राहिला. एकूण नोंदी दोन लाखांच्या वर गेल्या. काही दिसलं की ते मोजायचं, लिहून ठेवायचं आणि दुसऱ्याला विचारून खात्री करायची, असा हा माणूस. स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीतही त्यानं हेच केलं.

फूल निळं की गुलाबी?

डाल्टनबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्यानं आईसाठी रेशमी पायमोजे घेतले. आईला शोभतील असे साधे, गडद रंगाचे. आई म्हणाली की हे छान आहेत, पण इतके लालभडक मोजे घालून प्रार्थनेला कशी जाऊ? डाल्टनला पटेना. त्यानं भावाला विचारलं, तर जोनाथननंही डाल्टनचीच बाजू घेतली. शेवटी डेबोरानं शेजारणींना बोलावून निकाल लावला. मोजे लालच होते. ही गोष्ट पुढे रंगवून सांगितलेली असू शकते, पण तिच्यातली घरची मांडणी बरोबर आहे. जॉन आणि जोनाथन दोघांनाही लाल-हिरव्यातला फरक कळत नव्हता.

खुद्द डाल्टननं जी घटना लिहून ठेवली, ती १७९२ ची आहे. तोपर्यंत आपल्यात काही वेगळं आहे असं त्याला फारसं वाटलंच नव्हतं. लोकांना रंगांची नावं नीट वापरता येत नाहीत, एवढाच त्याचा समज. वनस्पतिशास्त्राचा नाद लागल्यावर फुलांचे रंग लिहायची वेळ आली, तेव्हा तो लोकांना गंभीरपणे विचारायचा की हे फूल निळं आहे की गुलाबी. लोकांना वाटायचं, मास्तर गंमत करतायत.

एका संध्याकाळी त्यानं जिरेनियमचं गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं. दिवसा ते त्याला आकाशासारखं निळं दिसायचं. मेणबत्तीपाशी त्यातला निळा गायब झाला होता आणि फूल त्याच्या लेखी लाल झालं होतं. त्यानं मित्रांना दाखवलं. कुणालाच एवढा मोठा बदल दिसेना. दिसला तो फक्त जोनाथनला.

यात जादू काही नाही. त्या गुलाबी रंगात थोडा निळा आणि थोडा लाल असतो. आपल्या डोळ्याला दोन्ही मिळतात, म्हणून आपण त्याला गुलाबी म्हणतो. डाल्टनच्या डोळ्यात तांबूसपणाची बाजू लंगडी होती, त्यामुळे दिवसा निळाच वरचढ ठरायचा. मेणबत्तीच्या पिवळट उजेडात निळा प्रकाश मुळातच कमी, म्हणून तिथे फूल एकदम पालटायचं.

वेगळा आहे तो आपला डोळा, इतरांचा नाही, हे त्याला त्या दिवशी समजलं.

२५ पोरांत २

१७९३ मध्ये डाल्टन मँचेस्टरला आला आणि तिथल्या न्यू कॉलेजात गणित आणि विज्ञान शिकवू लागला. पुढच्या वर्षी तिथल्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. ३१ ऑक्टोबर १७९४ ला त्यानं तिथे आपला पहिला निबंध वाचला, आणि विषय घेतला स्वतःच्या डोळ्यांचा. रंगांधळेपणाचं हे पहिलं नीट अभ्यासलेलं वर्णन मानलं जातं. एका सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या नव्या मास्तरनं विद्वानांच्या सभेत उठून मला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही असं सांगणं, यालाही धाडस लागतं.

त्यानं लिहिलं त्याचा आशय असा. इंद्रधनुष्यात त्याला मुख्यतः पिवळा आणि निळा हे दोनच पट्टे दिसायचे. आपण ज्याला नारिंगी, पिवळा, हिरवा म्हणतो, ते सगळे त्याच्यासाठी पिवळ्याचेच कमी-जास्त प्रकार. लाल म्हणजे जेमतेम एक सावली. पत्रावर मोहोर लावायची लाल लाख आणि लॉरेलचं हिरवं पान त्याला जवळजवळ एकाच रंगाचे वाटायचे.

पण खरी मेहनत पुढे आहे. तो स्वतःवर थांबला नाही. त्यानं ओळखीत, पत्रं पाठवून, शिष्यांना विचारून आपल्यासारखे लोक शोधले. वीसच्या आसपास सापडले. एकदा त्यानं वर्गातल्या २५ मुलांना हा विषय समजावून सांगितला, तर त्यातल्या २ मुलांना त्याच्यासारखंच दिसत होतं. दुसऱ्या एका वर्गात १ निघाला.

२५ पैकी २ म्हणजे ८ टक्के. आज उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये लाल-हिरव्या रंगांधळेपणाचं प्रमाण किती सांगतात माहितीये? सुमारे ८ टक्केच. थोडा योगायोग धरला तरी एका शाळामास्तरानं वर्गात हात वर करायला लावून काढलेला हा आकडा आहे.

आणखी एक गोष्ट त्यानं नोंदवली. असे भाऊ भाऊ सापडतात, पण अशी एकही बाई त्याच्या ऐकिवात नव्हती.

म्हणजे कोड्याचे सगळे तुकडे १७९४ मध्येच टेबलावर होते. एका घरात दोन भाऊ, आई मात्र ठणठणीत. मुलांमध्ये दर पंचवीसात एक-दोन, बायकांमध्ये जवळजवळ नाहीच. फक्त ते जोडायला लागणारा धागा, म्हणजे आनुवंशिकतेचे नियम, जगात कुणाकडेच नव्हते. मेंडेलचा जन्म व्हायला अजून २८ वर्षं होती.

मग डाल्टननं हाताशी होतं त्यातून उत्तर काढलं. निळ्या काचेतून पाहिलं की लाल रंग काळपट दिसतो. मग आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे जो जेलीसारखा पारदर्शक द्रव असतो, तोच निळसर असला पाहिजे आणि तोच लाल प्रकाश गिळत असला पाहिजे. तर्क अगदी सरळ होता. जिवंतपणी डोळा फोडून बघता येत नाही, म्हणून मेल्यावर बघा, असं त्यानं सांगून ठेवलं.

याला विरोधही झाला. थॉमस यंग या शास्त्रज्ञानं १८०७ मध्ये सुचवलं की दोष द्रवात नसून डोळ्याच्या मागच्या पडद्यात असावा. तिथे लाल रंग ओळखणारे जे तंतू असतात, तेच डाल्टनमध्ये नसावेत. डाल्टननं मात्र आपलं मत सोडलं नाही.

लाल झगा आणि राजाची भेट

याच्यानंतर आला तो पुस्तकातला डाल्टन. १८०३ मध्ये त्यानं अणूंच्या वजनांची पहिली यादी केली आणि १८०८ पासून आपला रसायनशास्त्रावरचा मोठा ग्रंथ छापायला सुरुवात केली. अणुसिद्धांत तुम्हाला ठाऊक आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही.

प्रसिद्धी आली तरी राहणी तीच. कॉलेजातली नोकरी त्यानं १८०० मध्येच सोडली होती. त्यानंतर शिकवण्या घेऊन पोट भरायचं, लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या खोल्यांत प्रयोग करायचे, दर गुरुवारी मित्रांबरोबर हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोलिंगचा खेळ खेळायचा. त्यानं लग्न केलं नाही. असं सांगतात की एक फ्रेंच शास्त्रज्ञ या थोर माणसाला भेटायला मँचेस्टरला आला, तेव्हा डाल्टन एका पोराला पाटीवर हिशेब शिकवत होता, आणि पाहुण्याला आधी बसून राहावं लागलं. ऊर्जेचं एकक ज्याच्या नावानं ओळखतो तो जेम्स जूलही लहानपणी त्याच्याकडे शिकवणीला होता.

१८३४ मध्ये त्याला राजे चौथे विल्यम यांच्यासमोर नेण्याचं ठरलं आणि पंचाईत झाली. दरबारी पोशाखात कमरेला तलवार लागते. क्वेकर माणूस तलवार लावणार नाही. त्याला दोन वर्षांपूर्वी ऑक्सफर्डनं मानद डॉक्टरेट दिली होती, तिचा झगा घालून गेलं तर तलवारीची गरज नव्हती. अडचण एवढीच की तो झगा लालभडक होता आणि क्वेकर माणसाला हाही रंग चालत नाही. पण डाल्टनला तो लाल दिसतच नव्हता. त्याच्या लेखी ते मातकट-हिरवट कापड होतं. तो तो झगा घालून शांतपणे राजाला भेटून आला. आईच्या मोज्यांच्या वेळी झालेली चूक इथे कामाला आली, म्हणा ना.

१८३७ पासून त्याला पक्षाघाताचे झटके आले, बोलणं जड झालं. २६ जुलै १८४४ ला त्यानं थरथरत्या हातानं हवामानाची शेवटची नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी गेला. मँचेस्टरच्या टाऊन हॉलमध्ये ठेवलेल्या त्याच्या पार्थिवाचं सुमारे ४० हजार लोकांनी दर्शन घेतलं.

डोळ्यात काय निघालं?

त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर जोसेफ रॅन्सम यांनी ठरल्याप्रमाणे डोळे तपासले. एका डोळ्यातला द्रव त्यांनी घड्याळाच्या काचेवर घेतला. तो स्वच्छ होता, पाण्यासारखा. निळेपणाचा लवलेश नाही. दुसऱ्या डोळ्याची मागची बाजू कापून त्यांनी त्यातून लाल आणि हिरव्या वस्तू पाहिल्या. त्या नेहमीसारख्याच दिसल्या. म्हणजे भिंग, द्रव सगळं ठीक होतं. डाल्टनचा अंदाज चुकला होता.

रॅन्समनी डोळे फेकून दिले नाहीत. का, ते देव जाणे. ते अवशेष वाळवून मँचेस्टरच्या त्याच सोसायटीकडे राहिले. डिसेंबर १९४० मधल्या जर्मन बॉम्बहल्ल्यात सोसायटीची इमारत उद्ध्वस्त झाली आणि डाल्टनचे बरेचसे कागद जळाले. डोळ्याचे तुकडे मात्र वाचले.

तोवर बाहेर विज्ञान खूप पुढे गेलं होतं. मेंडेलनं १८६५ मध्ये वाटाण्याचे निष्कर्ष मांडले, १९०० मध्ये जगाला ते पुन्हा सापडले. १९११ मध्ये अमेरिकेतल्या एडमंड विल्सन यांनी दाखवलं की रंगांधळेपणाचा वारसा एक्स गुणसूत्रावरून येत असला पाहिजे. आता हे गुणसूत्राचं प्रकरण जरा सावकाश बघू.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. गुणसूत्रांवर जनुकं असतात, म्हणजे शरीरातली प्रथिनं कशी बनवायची याच्या कृती. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक कृतीच्या आपल्याकडे दोन प्रती आहेत. समजा एक प्रत बिघडली. दुसऱ्या प्रतीवर काम भागत असेल, तर बाहेरून काहीच कळणार नाही. बिघाड आत आहे, पुढच्या पिढीला जाऊही शकतो, पण दिसत नाही. अशा लक्षणाला अप्रभावी म्हणतात. ते दिसायला दोन्ही प्रती तशाच असाव्या लागतात. याउलट एका प्रतीनंच जे लक्षण दिसतं, ते प्रभावी.

या दोन शब्दांनी बराच घोळ घातला आहे. प्रभावी म्हटलं की वाटतं ताकदवान, चांगलं, जास्त लोकांत असणारं. तसं काही नाही. ओ रक्तगट अप्रभावी आहे, तरी जगात सर्वाधिक आढळतो. हंटिंग्टन हा मेंदूचा भयंकर आजार प्रभावी आहे, तरी सुदैवानं दुर्मीळ आहे. हे शब्द दोन प्रती एकत्र आल्या तर बाहेर काय दिसतं एवढंच सांगतात. मराठी पारिभाषिक शब्द ठरवताना कुणी दिसणारं आणि दडणारं असे शब्द निवडले असते तर निम्मे गैरसमज टळले असते.

आता डाल्टनकडे या. तेविसावी जोडी वेगळी असते. मुलीकडे दोन एक्स, मुलाकडे एक एक्स आणि एक वाय. वाय हे छोटं गुणसूत्र, त्यावर एक्सवरच्या बहुतेक कृती नसतातच. आणि लाल व हिरवा प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांच्या कृती नेमक्या एक्सवर आहेत. मुलीची एक प्रत बिघडली तर दुसरी आहे. मुलाकडे स्टेपनीच नाही. एकमेव एक्सवर जे असेल, तेच दिसणार.

आणि मुलाला तो एक्स मिळतो फक्त आईकडून. वडिलांकडून त्याला वाय मिळतो. म्हणजे जोसेफ डाल्टनला रंग कसे दिसत होते याचा इथे काही संबंधच नाही. डेबोराच्या दोन एक्सपैकी एक सदोष होता. तिला स्वतःला लाल मोजे लाल दिसत होते. प्रत्येक मुलाला तो सदोष एक्स मिळण्याची शक्यता निम्मी. जॉन आणि जोनाथन दोघांनाही तोच मिळाला.

बायकांमध्ये प्रमाण इतकं कमी का, तेही इथेच कळतं. पुरुषाला एक सदोष प्रत पुरते, बाईला दोन लागतात. शंभरात ८ ची शक्यता दोनदा जुळून यायला हवी, म्हणजे आठ शतांश गुणिले आठ शतांश. हजारात सहा-सात बायका. प्रत्यक्षात आकडा त्याहूनही थोडा कमी, साधारण अर्धा टक्का येतो, कारण लालचा दोष आणि हिरव्याचा दोष वेगवेगळे आहेत आणि दोन्हीकडून वेगवेगळा दोष आला तर बाईला रंग दिसतात. वीस लोक शोधणाऱ्या डाल्टनला एकही बाई सापडली नाही यात नवल नाही.

डेबोरासारख्या वाहक बाईला रंग दिसतात कसे, हे तर आणखी मजेदार आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक बंद असतो. कोणता, हे गर्भात असतानाच जवळपास नाणेफेकीसारखं ठरतं. त्यामुळे अशा बाईच्या दृष्टिपटलावर काही ठिकाणी सदोष एक्स चालू असतो, काही ठिकाणी चांगला. दोन्ही पेशी शेजारी शेजारी. चांगल्या पेशी पुरेशा असल्या की मेंदूचं काम भागतं. म्हणजे इथे चांगलं जनुक वाईटाला हरवत वगैरे नाही. बिघडलेलं जनुक तिच्या डोळ्यात रोज कामावर असतं, फक्त त्याची उणीव जाणवत नाही.

आपल्याकडे मुलात काही निघालं की लगेच विचारतात, हे कुणाच्या घराण्यातून आलं? या बाबतीत उत्तर आईकडून असंच आहे. पण तो प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, त्या सुराला इथे काही आधार नाही. डेबोराला तो एक्स तिच्या आईकडून आला असेल किंवा वडिलांकडून. वडिलांकडून आला असेल, तर त्यांनाही लाल-हिरवा कळत नसणार. आजोबांकडून नातवाकडे आणि मधली लेक अगदी साफ, हा क्रम होर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञानं १८७६ मध्येच नोंदवला होता.

शेवटी कोण बरोबर निघालं?

१९९५ मध्ये लंडन आणि केंब्रिजच्या संशोधकांनी डाल्टनच्या वाळलेल्या डोळ्याचा छोटा तुकडा घेतला, त्यातून डीएनए काढला आणि त्याच्या प्रती वाढवून वाचला. माणसाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, साधारण निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशासाठी. त्यातल्या लाल प्रथिनाचं जनुक डाल्टनकडे होतं. हिरव्याचं नव्हतं.

म्हणजे यंगचा अंदाज अर्धा बरोबर. दोष पडद्यातच होता, पण गैरहजर होता तो हिरवा. डाल्टननं लिहून ठेवलेली वर्णनंही याच्याशी जुळली.

हिरव्याचं जनुक गायब कसं होतं? लाल आणि हिरव्याची जनुकं एक्सवर एकमेकांना खेटून आहेत आणि दोघांचा मजकूर जवळजवळ सारखा आहे. बाईच्या शरीरात बीजांड तयार होताना दोन एक्स शेजारी येतात आणि आपसात तुकडे बदलतात. मजकूर इतका सारखा असल्यानं कधीकधी ओळ चुकते, एकीकडे हिरव्याची जादा प्रत जाते आणि दुसरीकडे एकही उरत नाही. पाठ करताना सारख्या दोन ओळींमुळे मधलं कडवं गळावं, तसं. डेबोराच्या आधीच्या कुठल्या पिढीत ही ओळ गळली होती, हे आता शोधता येणार नाही.

आलेख करताना लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका, हे मास कॉमला असताना शिकवलं होतं. आम्ही ते सौंदर्याचा नियम समजून वहीत लिहिलं. आपल्या वाचकांतल्या काही पुरुषांना निवडणुकीचा नकाशा सपाट मातकट दिसत असतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

ज्यांना हे रोज सोसावं लागतं त्यांच्यासाठी हा प्रश्न नकाशाहून मोठा आहे. ठिपक्यांतला आकडा वाचता आला नाही म्हणून रेल्वेतली, सैन्यातली कित्येक पदं मिळत नाहीत. सिग्नल ओळखायचा असेल तिथे ही अट समजण्यासारखी आहे. पण ती नको तिथेही लावली जायची. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियम बदलून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्सचा मार्ग मोकळा केला. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये संकलनासह काही अभ्यासक्रमांना रंगांधळ्या उमेदवारांना प्रवेश नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळे अभ्यासक्रम त्यांना खुले करायला सांगितले.

फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये रंगांधळेपणाला आजही डाल्टनच्या नावावरून पडलेला शब्द वापरतात. डाल्टनला मूल नव्हतं, त्यामुळे त्याचा एक्स त्याच्याबरोबर संपला. डेबोराचा तोच एक्स मेरीकडेही गेला होता का, हे मात्र कळायला मार्ग नाही. गेला असता तरी मेरीला सगळे रंग नीटच दिसले असते.